कणगीतली बुरशी आणि सुगंधी तेलं: दावा किती, गुण किती

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात मका आणि सोयाबीन काढणीला येतात, त्याच सुमारास परतीचा पाऊस हटकून गाठतो. पैनगंगेकाठची जैनद, बेला, तामसी, भीमपूर ही मराठी बोलणारी मंडलं असोत की उटनूर-इंद्रवेल्लीकडचे गोंड-कोलाम गुडे (वस्त्या), धान्य दोन-तीन दिवस ताडपत्रीखाली कोंडलं की त्याला कुबट वास सुटतो. बाजार समितीत ओलाव्याचं यंत्र लावून भाव पाडतात, म्हणून विकायचा माल शेतकरी झक मारत वाळवतो. घरी खायला, बियाण्याला आणि गुरांना ठेवलेल्या मालाला असं यंत्र कोणी लावत नाही. या घरच्या साठ्याला बुरशीपासून वाचवायला ओवा, लवंग, गवती चहा, तुळस यांची सुगंधी तेलं चालतील, असं भारतातल्या प्रयोगशाळा कित्येक वर्षं सांगत आल्या आहेत. शोधनिबंधांचा ढीग मोठा आहे, पण शेतकऱ्याच्या कणगीत ही तेलं दिसत नाहीत. असं का झालं आणि आदिलाबादसारख्या जिल्ह्यात त्यांना खरोखर कुठे जागा आहे, ते इथे तपासायचं आहे.

आधी धोका केवढा ते पाहू. बुरशीचं धान्य म्हणजे थोडं काळवंडलेलं, कडवट लागणारं धान्य, एवढीच आपली समजूत असते. १९७४ च्या हिवाळ्याच्या तोंडी गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातल्या आदिवासी गावांत कावीळ पसरली. पोटात पाणी होऊन माणसं मरू लागली. त्याच घरांतली कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माग काढला, तो अवकाळी पावसात भिजलेल्या आणि तशाच साठवलेल्या मक्यापर्यंत गेला. ३९७ जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले. कारण होतं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या पिवळट हिरव्या बुरशीने मक्यात सोडलेलं विष. ते माहीत होऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत ते पहिल्यांदा सापडलं होतं. केनियात २००४ साली पुन्हा मक्यातूनच ३१७ जणांना बाधा झाली आणि १२५ जण मेले.

दुसरी घटना आदिलाबादला भूगोलाने जास्त जवळची आहे. १९९५ साली दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातल्या काही गावांत, पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटात मुरडा आणि हगवण लागली. तिथे दोषी ठरलं फ्युमोनिसिन, फ्युजेरियम जातीच्या बुरशीचं विष. कोणी दगावलं नाही, म्हणून ही घटना फारशी कुणाच्या लक्षात नाही. आदिलाबादच्या राज गोंडांचं मुख्य अन्न ज्वारी. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा या गोंडांवरचा मोठा ग्रंथ १९४८ साली निघाला, त्यातही शेती आणि जेवण ज्वारीभोवतीच फिरतं. जुन्या गावठी ज्वाऱ्या दिवस लहान झाल्यावर फुलायच्या आणि पाऊस संपल्यावर पिकायच्या, म्हणून बुरशीतून निसटायच्या. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. पुढच्या लवकर येणाऱ्या खरीप संकरित ज्वाऱ्या भर पावसात दाण्यावर येऊ लागल्या आणि काळी पडलेली ज्वारी ही नेहमीची तक्रार झाली. बुरशीचा प्रश्न म्हणजे केवळ साठवणुकीचा नव्हे, तो कणसातूनच कणगीत येतो, हे इथेच नोंदवून ठेवलं पाहिजे. तेलाच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं ते हेच.

आणखी दोन गोष्टी. हे विष एकदा दाण्यात उतरलं की भाकरी तव्यावर कितीही कडक भाजली तरी जात नाही. नंतर बुरशी मारली, तरी आधी तयार झालेलं विष तिथेच राहतं. म्हणून जे काही करायचं ते बुरशी वाढण्याआधी. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची धान्यातल्या एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही.

या बुरशीला हवं असतं ते पाणी आणि ऊब. पंचवीस-तीस अंशांची उष्णता तिला मानवते, आणि आदिलाबादच्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ती फुकट मिळते. जिल्ह्याची डिसेंबर-जानेवारीतली थंडी तेलंगणात नावाजलेली, पारा कित्येकदा पाचाच्या आसपास उतरतो. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ओलाव्याचं गणित असं की तृणधान्यात तो १२-१३ टक्क्यांवर असला तर ही बुरशी हलत नाही, सोळा-सतराच्या पुढे गेला की तिचं फावतं. भुईमुगाला तर सात-आठ टक्केच सुरक्षित, कारण तेलबियांत तेवढंच पाणीही बुरशीच्या हाती जास्त लागतं.

आता घरोघरचे उपाय पाहू. कडुनिंबाचा पाला, राख, डाळीला चोळलेलं एरंडेल, बोरिक पावडर, वेखंडाचे तुकडे, पाऱ्याच्या गोळ्या. ही यादी कोणतीही आजी सांगेल. तिच्यावर लिहिणारे एक गोष्ट गाळतात: हे जवळजवळ सगळे उपाय किडीवरचे आहेत, बुरशीवरचे नाहीत. सोंडे, पोरकिडे, भुंगे यांना कडुनिंब नको वाटतो. बुरशीला त्या पाल्याचं फारसं काही वाटत नाही, आणि पाला ओला टाकला तर उलट तिची सोयच होते. आडून फायदा होतो तो एवढाच की किडे श्वास घेतात, त्या वाफेने ढिगाच्या पोटात ऊब आणि ओल साठते आणि तिथे बुरशी धरते; कीड कमी झाली की हे टळतं. गोदामात वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचंही तेच, त्या किडीवरच्या आहेत, बुरशीसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. घरात निजायच्या खोलीतल्या कोठीत त्या टाकणं तर जिवावरचं आहे.

बुरशीवर खरोखर चालणारा जुना उपाय म्हणजे पेव. मराठवाड्यात, सोलापूरकडे ज्वारीला आणि सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीला पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड मातीने लिंपलेलं. आतलं धान्य आणि त्यातले किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साईड साठतो, आणि त्या हवेत कीड मरते, बुरशी थांबते. पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत त्यामुळेच पडली. न बघता उतरलेली माणसं गुदमरून गेली आहेत. गोंडांची आणि तेलुगू शेतकऱ्यांची बांबूची, शेणामातीने सारवलेली कणगी मात्र हवा खेळती ठेवणारी. कोरड्या ज्वारीला ती उत्तम, ओलसर मक्याला वाईट. हा फरक पुढे तेलाच्या बाबतीत कळीचा ठरणार आहे.

सुगंधी तेल म्हणजे करडई-शेंगदाण्याचं तेल नव्हे. कागदावर थेंब टाकला तर डाग न ठेवता बहुतेक उडून जातं. पाला, बी किंवा साल वाफेवर उकडून, ती वाफ थंड करून पाण्यापासून वेगळं होतं ते गोळा करायचं. वनस्पतीने ते किडीपासून, बुरशीपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून स्वतःचा बचाव करायला बनवलेलं असतं, त्यामुळे त्यात बुरशीनाशक गुण असणं नवलाचं नाही. हे रेणू पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. म्हणून ते बुरशीच्या पेशीच्या पातळ आवरणात घुसतात, ते सैल करतात, आतले क्षार बाहेर गळतात. त्या आवरणाचा कणा म्हणजे एर्गोस्टेरॉल. तोही कमी बनतो. माणसाच्या पेशींत एर्गोस्टेरॉल नसतो, तरी हे रेणू आपल्यालाही निरुपद्रवी नसतात, त्याकडे पुढे येऊ.

सगळी तेलं सारखी नव्हेत. दालचिनीच्या सालीतलं सिनामाल्डिहाईड, ओव्यातलं थायमॉल, त्याचंच भावंड कार्वाक्रॉल आणि लवंगेतलं युजेनॉल ही पहिली फळी. गवती चहातलं सिट्रल आणि तिखाडी गवतातलं जिरॅनिऑल दुसरी. नीलगिरीचं सिनिऑल, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन ही वासाला जोरदार, बुरशीला लेचीपेची. नाकाला झोंबणं आणि बुरशीला मारणं यांचा फार संबंध नाही. ओव्याच्या बियांत दोन ते चार टक्के तेल निघतं आणि त्यात थायमॉल पस्तीस ते साठ टक्क्यांपर्यंत असतं. थंडीत तेच खड्यांसारखं गोठतं. आपल्याकडे ओव्याचं फूल म्हणून विकतात आणि कापूर-पेपरमिंटबरोबर घालून अमृतधारा करतात ते हेच. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानचा ओवा जहाजांनी जर्मनीला जायचा आणि थायमॉल होऊन बाटलीतून परत यायचा. कच्चा माल आपला आणि बाटली त्यांची, ही या व्यापाराची सवय जुनी आहे.

तिखाडी, म्हणजे रोशा गवत, तर आपल्याच रानातलं. खानदेश, निमाड, सातपुडा इथल्या कोरड्या जंगलात ते वाढतं. जुन्या काळी तिथल्या भट्ट्यांवर काढलेलं तेल मुंबईहून कॉन्स्टँटिनोपलला जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात भेसळीला वापरलं जायचं. त्यात जिरॅनिऑल पंचाहत्तर ते पंचाऐंशी टक्के. त्याची खरी किंमत आजही साबण-अत्तरवाले जाणतात. धान्यवाले नाहीत, आणि त्याला कारण आहे.

भारतातलं या विषयावरचं काम मुख्यतः उत्तर प्रदेशात झालं. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात एन. के. दुबे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विड्याचं पान, तुळशीचे प्रकार, धूप-राळ अशा अनेकांची तेलं बुरशीवर आणि अफ्लाटॉक्सिनवर तपासली. पुढे ती कायटोसानच्या अतिसूक्ष्म आवरणात बंद करून सावकाश सुटतील अशी केली. कायटोसान कोळंबीच्या कवचापासून मिळतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही हे काम चालतं. कोळिकोडच्या भारतीय मसाला संशोधन संस्थेने २०११ साली हळदीच्या पानांच्या तेलावर निबंध काढला. त्यात तेलाचं प्रमाण दीड टक्क्यावर नेल्यावर अफ्लाटॉक्सिन तयार होणंच थांबलं. या सगळ्यातून दिसतं ते असं: बुरशीची वाढ थांबवायला जेवढं तेल लागतं, त्याहून थोडं कमी तेल तिचं विष बनवणं थांबवायला पुरतं. ही गोष्ट मोलाची आहे. पण काही प्रयोगांत अगदीच कमी मात्रेत बुरशी डिवचली जाऊन विष वाढल्याचंही दिसलं आहे. म्हणजे अर्धवट टाकणं हे न टाकण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. घरगुती अंदाजाने दोन थेंब टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग अडलं कुठे? पहिलं उत्तर हिशेबात आहे. चांगल्या तेलांची प्रयोगशाळेतली मात्रा साधारण दर मिलीलिटरला अर्धा ते एक मायक्रोलिटर. बंद डब्यातल्या प्रयोगांत बहुधा हाच दर डब्याच्या आकारमानाला लावतात. आता एक क्विंटल ज्वारी साधारण १४० लिटर जागा व्यापते. दर लिटरला एक मिलीलिटर धरला तर क्विंटलला १४० मिलीलिटर तेल झालं. वीस क्विंटल ठेवणाऱ्या घराला २.८ लिटर, म्हणजे गवती चहाचं सुमारे अडीच किलो. हिरव्या गवतातून अर्धा टक्का उतारा धरला तर त्यासाठी अर्धा टन गवत उकडायला हवं. किलोला बाराशे रुपये भाव धरू. तीन हजार रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता, म्हणजे वीस क्विंटलची किंमत चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास. त्यातले चार टक्के तेलावर. थायमॉल किंवा लवंग घेतली तर आणखी वर. ऐकायला फार नाही, पण हे एकदाच टाकून भागत नाही. आणि जो शेतकरी ताडपत्री घेताना दोनदा विचार करतो, तो हे घेणार नाही.

दुसरं उत्तर दाण्याच्या स्वभावात आहे. काचेच्या बशीत तेल बुरशीशी थेट भिडतं. कणगीत ते ज्वारीशी आधी भिडतं. दाण्यातला स्टार्च, प्रथिनं आणि चरबी तेलाला शोषून घेतात. वर सांगितलेल्या मात्रेतलं बरंचसं तेल वाफ होऊन हवेत न राहता दाण्यात जिरतं. बशीत एक पुरत असेल तर अन्नात त्याच्या कित्येक पट लागतं, हा अनुभव जगभरच्या अन्नशास्त्रज्ञांना आला आहे. त्यात आपली कणगी हवेशीर. हवाबंद भांड्यात जे टिकलं असतं ते बांबूच्या फटींतून आठवड्यात निघून जाईल. आणि भांडं हवाबंद असेल, धान्य कोरडं असेल, तर ते पेवासारखं किंवा आजच्या हवाबंद प्लॅस्टिक पिशवीसारखं आपण होऊनच काम करतं; मग तेलाची गरज कितीशी उरली? माझ्या मते या साऱ्या संशोधनाला सर्वांत अवघड जाणारा प्रश्न हाच आहे, आणि निबंधांच्या शेवटी तो क्वचितच विचारला जातो.

तिसरं उत्तर चवीत आहे. भाकरीला लवंगेचा वास चालेल का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. बियाण्याचं उत्तर आणखी सरळ आहे. थायमॉल, सिट्रल, कार्वाक्रॉल यांची मात्रा वाढली की बी उगवतच नाही. बुरशीपासून वाचवलेलं पण न उगवणारं हरभऱ्याचं बी काय कामाचं?

चौथं म्हणजे नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हा भाबडेपणा. वेखंडाचं उदाहरण पुरेसं आहे. बाळाला वेखंड उगाळून लावणाऱ्या, कपड्यांत आणि धान्यात त्याचे तुकडे टाकणाऱ्या आपल्या घरांत ते पूज्यच. वेखंडाचं तेल बुरशीवर आणि किडीवर दोन्हीवर गुणकारी ठरलं आहे. पण भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन भरपूर असतं, आणि त्यामुळे प्रयोगातल्या उंदरांना कर्करोग झाला. अमेरिकेने १९६८ सालीच अन्नात वेखंड वापरायला बंदी घातली. तुळशीतही एका झाडात युजेनॉल जास्त तर दुसऱ्यात निर्धोक न मानलं जाणारं एस्ट्रॅगोल जास्त, जात, जमीन आणि तोडणीचा हंगाम यांवर ते ठरतं. बाटलीवर नुसतं तुळशीचं तेल लिहिलेलं असलं तर आत काय आहे ते कळत नाही. भेसळ तर वेगळीच.

पाचवं, कायदा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९६ साली लवंग, दालचिनी, गवती चहा, थाईम अशा काही तेलांना कीडनाशक म्हणून नोंदणीतून सूट दिली. आपल्याकडे धान्यावरची बुरशी थांबवतो असा दावा करून काही विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली फरीदाबादच्या केंद्रीय मंडळाची नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी विषबाधेच्या चाचण्यांचा खर्च. तेल कोणाचंच पेटंट नाही, मग तो खर्च कोण करणार? पशुखाद्यवाल्यांना त्यांच्या कामापुरतं प्रोपिऑनिक आम्ल स्वस्तात मिळतं. ते ओल्या मक्यालाही लागू पडतं. बाजारात सुगंधी तेलाची टक्कर रासायनिक विषाशी नाही, या साध्या आम्लाशी आहे, आणि ती टक्कर ते हरतं.

तरी जगात ही तेलं काही ठिकाणी खरोखर जिंकली आहेत, आणि तो धडा मोठा आहे. युरोपीय संघाने २०१९ साली क्लोरप्रोफाम या रसायनाची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही. साठवलेल्या बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून ते वापरलं जाई. त्याची जागा बऱ्याच ठिकाणी पुदिन्याच्या एका जातीच्या तेलाने घेतली. गोदामात ते गरम धुक्यासारखं सोडतात. युरोपातच सफरचंदाला साठवणुकीत लागणाऱ्या सडीवर लवंग तेलाचं मंजूर औषध आहे. तिथे जिंकायची कारणं उघड आहेत. माल महाग, गोदाम बंद, तापमान हातात, फळाला साल, तेल वरच्यावर राहतं आणि खाण्याआधी उडतं. पीठ दळून खायच्या धान्यात यांतलं एकही नाही. त्यामुळे सुगंधी तेलं धान्य वाचवतात असं सरसकट म्हणणं चूक, आणि ती निरुपयोगी आहेत म्हणणंही चूक. ती महाग, कमी वजनाच्या, बंद भांड्यात राहणाऱ्या आणि मुळातच वास चालणाऱ्या मालाची गोष्ट आहे.

या कसोटीवर आदिलाबाद पाहिला तर चित्र बदलतं. ज्वारीच्या कणगीत तेलाला जागा नाही. उन्हाळ्याच्या तोंडी निघणारी रब्बी ज्वारी तर मुळातच कोरडी असते, तिला काही नको. पण मोहाची फुलं घ्या. मार्च-एप्रिलमध्ये वेचून वाळवलेली फुलं पावसाळाभर ठेवायची असतात. साखर भरपूर असल्याने ती हवेतली ओल ओढतात, चिकट होतात, काळी पडतात. उटनूरच्या आदिवासी महिला त्या फुलांचे लाडू करतात आणि ते आश्रमशाळा-वसतिगृहांतल्या मुलांना जातात. म्हणजे हा माल लहान मुलांच्या पोटात जाणारा, किलोला चांगला भाव देणारा आणि डब्यात मावणारा आहे. हवाबंद डब्यात, सुगंधी तेलाच्या वाफेत मोह कसा टिकतो, हा प्रयोग व्हायला हवा. लाल मिरची आणि हळद यांचंही तसंच. त्यांना आधीच वास आहे, थोडा आणखी चालतो.

हळदीची आणखी एक बाजू आहे. निजामाबाद, निर्मल, आणि सीमेपलीकडे नांदेड-हिंगोली हा सलग हळदीचा पट्टा. निजामाबादला २०२५ साली राष्ट्रीय हळद मंडळही आलं. काढणीआधी पाला कापून बांधावर टाकतात. कोळिकोडच्या संस्थेने तपासलेलं तेल या पानांचंच. वाळलेल्या पानात तेल कमी निघतं हे खरं, पण हिरवट असताना कापलेला पाला गाळता येतो. गवती चहा आणि तिखाडीसाठी केंद्राच्या अरोमा मिशनमध्ये छोट्या भट्ट्या दिल्या जातात, त्याच भट्टीवर हे होईल. लखनौच्या सुगंधी वनस्पती संस्थेचं एक केंद्र हैदराबादला आहेच.

सर्वांत दुर्लक्षित जागा मात्र गोठ्यात आहे. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. कापूस निघाला की जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, सरकीचं तेल निघतं आणि उरलेली ढेप गुरांपुढे जाते. सरकी आणि ढेप या अफ्लाटॉक्सिनच्या आवडत्या जागा. गाईने ते खाल्लं की दिवसभरात त्याचा एक अंश रूप बदलून दुधात उतरतो, आणि दूध तापवून तो जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांतले ३६८ या विषाच्या मर्यादेबाहेर निघाले. ज्या भेसळीच्या नावाने आपण बोंब मारतो, ती असलेले नमुने त्या पाहणीत अवघे बारा होते. ढेपेला वास लागला म्हणून म्हैस तक्रार करत नाही असं नाही, जनावरंही चोखंदळ असतात. पण भाकरीएवढी अडचण तिथे नाही. ओव्याचा किंवा लवंगेचा तेल काढून उरलेला चोथा, हळदीच्या पानांचं तेल, यांची ढेपेवर चाचणी घेणं म्हणूनच ज्वारीवर घेण्यापेक्षा अधिक शहाणपणाचं आहे.

आदिलाबाद आणि आज नांदेड जिल्ह्यात असलेलं किनवट १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत एकाच जिल्ह्यात होते. आज एकाला जयशंकर कृषी विद्यापीठ आहे, दुसऱ्याला परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. कापूस, ज्वारी, सोयाबीन, पाऊस, गोठा, सगळं दोन्हीकडे सारखं. आदिलाबादच्या कृषी संशोधन केंद्राने, उटनूरच्या आदिवासी विकास यंत्रणेने आणि परभणीने मिळून एका पावसाळ्यात ढेप, मोह आणि मिरची या तीनच मालांवर, गावातल्या खऱ्या डब्यांत आणि पिशव्यांत, विषाचं मोजमाप करून ही तेलं तपासावीत. शेजारी बिनतेलाचा हवाबंद डबा ठेवावा, म्हणजे गुण तेलाचा की झाकणाचा हे कळेल.

तोवर घरच्या धान्याचं काय करायचं ते स्वस्त आहे. काचेच्या पूर्ण कोरड्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर दाण्यात ओल साधारण पंधरा टक्क्यांच्या वर आहे. ते धान्य भरू नका, आणखी दोन उन्हं द्या. काळे, आक्रसलेले, हिरवट पावडर धरलेले दाणे निवडून काढा, आणि ते गुरांनाही घालू नका.